जुन्या ट्रकास नवें एंजिन

जुन्या वाड्याची एखादी तुळई कुजली म्हणून ती बदलावयास घ्यावी, तों तिच्या टोकाखालची भिंत पोकळ झालेली आढळते. भिंतीस हात लावावा, तों तिच्यावर टेकलेलें दुसरें छप्पर उचलून धरण्याची पाळी येते. शेवटीं एका तुळईपायीं निम्मा वाडा उघडा पडतो. यंत्रांची गोष्ट याहून निराळी नाहीं. किंबहुना यंत्राचा एक भाग दुसऱ्याशीं अधिक घट्ट बांधलेला असल्यामुळें तेथें हा अनुभव अधिक लवकर येतो, आणि तो अधिक महाग पडतो.

जुन्या मोटारींची हौस असणाऱ्या लोकांत, विशेषतः अमेरिकेंत, कित्येक वर्षें एक उद्योग मोठ्या उत्साहानें चालत आला आहे. चारही चाकांना एंजिनाचा जोर पुरविणारा, साठ-सत्तर वर्षांपूर्वींचा ट्रक मिळवावयाचा, त्याचें थकलेलें एंजिन उतरवावयाचें, आणि त्या जागीं अलीकडच्या काळांतील बलवान् एंजिन बसवावयाचें. बाहेरून पाहणारास हें काम सोपें वाटतें. चार बोल्ट काढावे, एक एंजिन उचलावें, दुसरें ठेवावें, कीं झालें! परंतु ज्यांनीं हें काम नीट शेवटास नेलें त्यांचा अनुभव असा, कीं एंजिन बसविणें हा त्यांतील सर्वांत सोपा भाग होय. एंजिनापासून चाकांपर्यंत जी सांखळी जाते, तिच्या प्रत्येक कडीचा हिशेब करणें हें खरें काम, आणि तो हिशेब चुकला तर त्याची किंमत केवळ पैशांत भरून निघत नाहीं.

हा हिशेब कसा असतो तें कळण्यास एकच उदाहरण घेणें बरें. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेंतील डॉज कंपनीनें सैन्यासाठीं पाऊण टनी ट्रक मोठ्या संख्येनें बांधले. युद्ध संपल्यावर त्याच घडणीच्या आधारानें ‘पॉवर वॅगन’ नांवाचा ट्रक १९४६ सालीं नागरी बाजारांत आला, आणि अमेरिकेंत तो १९६८ पर्यंत विकला जात होता. जेथें सडक संपते तेथें ज्यांचें काम सुरू होतें, अशा लोकांसाठीं तो होता. रुंद लोखंडी चौकट, उंच चाकें, पुढच्या तोंडाशीं ओढकामासाठीं बसवितां येणारा रहाट, आणि एंजिनाच्या जोरावर इतर यंत्रें चालविण्याची सोय, असें त्याचें रूप होतें. दिसावयास ओबडधोबड, पण चिखलांतून, ओढ्यांतून आणि चढावांवरून न कुरकुरतां जाणारा.

त्याचें मूळ एंजिन सहा नळकांड्यांचें, पेट्रोलवर चालणारें, सुमारें पावणेचार लिटर आकारमानाचें होतें. झडपा नळकांड्यांच्या डोक्यावर नसून बाजूस होत्या. ही रचना जुन्या काळीं सर्वत्र रूढ होती, कारण ती साधी असून दुरुस्तीस सोपी असे. मिनिटास ३,२०० फेरे होत असतां हें एंजिन ९४ अश्वशक्ति देई. आजच्या मानानें हा आंकडा लहान दिसतो. पण अशा ट्रकाच्या बाबतींत अश्वशक्तीपेक्षां दुसरी एक गोष्ट अधिक महत्त्वाची असते. फिरत्या दांड्यास एंजिन जो पीळ देतें, त्या पिळाचें बळ किती, हा तो प्रश्न. इंग्रजींत ज्यास टॉर्क म्हणतात तो हाच. घट्ट बसलेला बोल्ट सोडवितांना पाना जितका लांब आणि हात जितका जोरदार, तितका पीळ अधिक. या एंजिनाचा पीळ सुमारें साडेपंचवीस किलोग्रॅम-मीटर होता. म्हणजे एक मीटर लांबीच्या पान्याच्या टोकास साडेपंचवीस किलोचें वजन टांगावें इतका.

एवढ्या पिळानें लादलेला ट्रक चिखलांतून वर येणें शक्य नाहीं. म्हणून मध्यें दंतचक्रें घालावीं लागतात. लहान चक्रानें मोठें चक्र फिरविलें कीं वेग कमी होतो, आणि ज्या प्रमाणांत वेग घटतो त्याच प्रमाणांत पीळ वाढतो. पॉवर वॅगनमध्यें अशीं तीन ठिकाणें आहेत. पहिलें ठिकाण गिअरच्या पेटींत. तेथील पहिला गिअर पीळ सुमारें ६.४ पट करतो. त्यापुढें पुढच्या व मागच्या आंसांना शक्ति वांटून देणारी दुसरी पेटी, जिला ट्रान्स्फर केस म्हणतात. तिचा हलका गिअर घातला तर पीळ आणखी जवळजवळ दुप्पट होतो. शेवटीं आंसांच्या पोटांतील दंतचक्रें तो ५.८३ पट वाढवितात. तिन्हींचा गुणाकार केला तर सुमारें ७३ येतो. म्हणजे एंजिनाशीं असलेला साडेपंचवीसचा पीळ, घर्षणांत जाणारा भाग सोडून दिला तर, चाकांशीं पोंचेपर्यंत अठराशेंच्या वर जातो. या ट्रकाच्या अंगांतील सामर्थ्याचें रहस्य एंजिनांत कमी आणि दंतचक्रांत अधिक आहे, हें येथें लक्षांत घेण्यासारखें आहे.

पण जें एका हातानें मिळतें तें दुसऱ्या हातानें द्यावें लागतें. या ट्रकाचें चाक सुमारें ३४ इंच व्यासाचें असून तें एका फेऱ्यांत साधारणपणें २.६५ मीटर पुढें जातें. ताशीं ८० किलोमीटर वेगानें जावयाचें तर चाकानें मिनिटास सुमारें ५०० फेरे केले पाहिजेत, आणि आंसांतील चक्रांचें प्रमाण ५.८३ असल्यामुळें सरळ गिअरमध्येंही एंजिनास मिनिटास २,९०० हून अधिक फेरे करावे लागतात. लांब दट्ट्याच्या त्या जुन्या एंजिनाचा हा जवळजवळ शेवटचा दम होय. आजच्या महामार्गावर इतर गाड्या सहज शंभरीच्या पलीकडे जात असतां हा वृद्ध पहिलवान घामाघूम होऊन कडेकडेनें चाललेला दिसतो. मग मालकाच्या मनांत विचार येतो: याला नवें एंजिन घातलें तर?

या कामासाठीं बरेच लोक ज्या एंजिनाची निवड करतात तें अमेरिकेंतील कमिन्स कंपनीचें चार नळकांड्यांचें, ३.९ लिटरचें डिझेल एंजिन होय. पाव आणि खाऊचे पदार्थ दुकानोदुकानीं पोंचविणाऱ्या पेटीवजा मोटारींत तें पुष्कळ वापरलें गेलें, आणि त्या मोटारी मोडीत निघूं लागल्यावर तीं एंजिनें हौशी लोकांच्या हातीं आलीं. त्याची अश्वशक्ति साधारण १०५. म्हणजे जुन्याहून फार अधिक नव्हे. पण पीळ सुमारें साडेछत्तीस किलोग्रॅम-मीटर, म्हणजे दीडपटीच्या जवळ, आणि तोही मिनिटास अवघ्या १,६०० फेऱ्यांच्या सुमारास. कमी इंधनांत अधिक ओढ आणि दीर्घ आयुष्य, असे त्याचे गुण आहेत.

आतां येथें पहिलें आश्चर्य वाट पाहत असतें. हें डिझेल एंजिन मिनिटास २,५०० फेऱ्यांच्या आसपासच आपली मर्यादा गांठतें. त्यापुढें त्याचा नियंत्रक इंधन तोडतो. जुन्या ट्रकाचीं दंतचक्रें तशींच ठेवून तें बसविलें तर वेग किती मिळेल? २,५०० ला ५.८३ नें भागावें आणि चाकाच्या २.६५ मीटरनें गुणावें. उत्तर येतें ताशीं सुमारें ६८ किलोमीटर! जुनें एंजिन ऐंशी तरी गांठत होतें. नवें, अधिक बलवान् एंजिन घालून गाडी अधिक मंद झाली. अधिक बळ म्हणजे अधिक वेग ही समजूत या एका भागाकारानें निकालांत निघते.

म्हणून एंजिनाबरोबर गिअरची पेटीही बदलावी लागते. पांच गिअरांची अशी पेटी निवडतात, कीं जिच्या शेवटच्या गिअरांत एंजिनाच्या पाऊण फेऱ्यांत मागचा दांडा एक पूर्ण फेरा करतो. तेवढ्यानें ६८ चे सुमारें ९० होतात. कोणी त्याऐवजीं आंसांतील दंतचक्रेंच कमी प्रमाणाचीं घालतात. परंतु पेटी बदलली कीं तिची लांबी बदलते. लांबी बदलली कीं तिच्यामागून पुढच्या आणि मागच्या आंसांकडे जाणाऱ्या दांड्यांची लांबी व कोन बदलतात. आणि येथें एक सूक्ष्म पण हट्टी दोष उपजतो.

हे दांडे दोन्ही टोकांस सांध्यांनीं जोडलेले असतात, कारण रस्त्याच्या खांचखळग्यांबरोबर आंस वरखालीं होतो. या सांध्याचा धर्म असा, कीं तो वाकलेल्या स्थितींत फिरूं लागला म्हणजे एका बाजूचा दांडा समान वेगानें फिरत असला तरी दुसऱ्या बाजूचा तसा फिरत नाहीं. प्रत्येक फेऱ्यांत तो दोनदां किंचित् पुढें धांवतो आणि दोनदां किंचित् मागें राहतो. पंधरा अंशांच्या कोनांत हा चढउतार शेंकडा साडेतीनपर्यंत जातो. दोन्ही टोकांचे कोन सारखे ठेवले व सांधे एका रेषेंत बसविले, तर एकाचा दोष दुसरा भरून काढतो. ते सारखे नसले तर ठराविक वेगास सारा ट्रक थरथरूं लागतो, आणि मालक बिचारा एंजिनांत दोष शोधीत बसतो. पुष्कळ वेळां हा दोष पेटीखालीं अर्ध्या इंचाची पाचर सारून जातो. पण ती कोठें सारावयाची हें कळण्यास कोन मोजावा लागतो, आणि कोन मोजण्याचा कंटाळा हेंच अशा अनेक फसलेल्या कामांचें मूळ असतें.

थरथरीचें आणखी एक कारण स्वतः एंजिनांतच असतें. सहा नळकांडीं एका रांगेंत असलीं म्हणजे दट्ट्यांच्या वरखालीं जाण्याचे धक्के एकमेकांस जवळजवळ पूर्णपणें मारतात. चार नळकांड्यांत तसें होत नाहीं, कांहीं धक्का शिल्लक राहतोच. त्यांत डिझेलचा स्फोट अधिक कडक. जाड रबराच्या गाद्यांवर एंजिन बसविल्यावांचून हा धक्का चौकटींत आणि चौकटीवाटे बसणाराच्या हाडांत शिरतो. शिवाय हें एंजिन साडेतीनशें किलोंच्या आसपास भरतें. पुढच्या कमानींच्या पट्ट्या तें वजन पेलतील कीं नाहीं, हें आधींच पाहावें लागतें.

मग लहानसहान पण चुकवितां न येणाऱ्या गोष्टींची रांग लागते. जुनी वीज सहा व्होल्टची, नवीं यंत्रें बारा व्होल्टचीं. तेव्हां दिवे, तारा, मापकें सर्व बदलणें आलें. पेट्रोल-एंजिन श्वास घेतांना नळींत जी निर्वात ओढ उत्पन्न होते, तिच्यावर पूर्वीं कांच पुसण्याच्या काड्या किंवा ब्रेकला साह्य करणारीं साधनें चालवीत. डिझेलच्या श्वासनळींत तशी ओढ नसते. त्यासाठीं निराळा पंप बसवावा लागतो. डिझेलचा पंप लागतें त्याहून अधिक इंधन ओढतो आणि उरलेलें परत टांकींत सोडतो. म्हणून परतीची नळी हवी. रेडिएटर पुरेल कीं नाहीं तें चढावावर कळतें, आणि तेथें कळणें गैरसोयीचें असतें.

परंतु या सर्वांहून गंभीर प्रश्न दोन आहेत. त्यांपैकीं पहिला सांखळींतील दुबळ्या कडीचा. वर ७३ पटीचा गुणाकार पाहिला. साडेपंचवीसच्या जागीं साडेछत्तीसचा पीळ आला कीं चाकांशीं तो अठराशेंच्या जागीं सव्वीसशेंच्या वर जातो. हें जादा बळ कोठेंतरी वाट काढणारच. वाळूंत किंवा चिखलांत चाक घसरतें आणि आंस वांचतो. चाकाचें घसरणें ही जणुं सांखळीची सुरक्षा-झडप होय. पण दोन खडकांच्या बेचक्यांत चाक अडकलें, आणि चालकानें हलका गिअर घालून जोर दिला, तर घसरण्यास वाव नसतो. मग जी कडी सर्वांत दुबळी ती तुटते. आंस तुटला तर गाडी जागीं राहते. तीच गोष्ट तीव्र चढावर घडली तर ती जागीं राहत नाहीं. म्हणून जाणते कारागीर जाणूनबुजून एक कडी मोजकी ठेवतात. क्लच असा निवडतात, कीं फार ओढ पडली तर तो आधीं घसरावा; कारण क्लच बदलणें हें आंस बदलण्याहून स्वस्त, आणि दरींत गेलेल्या माणसास परत आणणें तर कोणत्याच कारागिराच्या हातीं नाहीं.

दुसरा प्रश्न ब्रेकचा. जुन्या ट्रकाचे ब्रेक ढोलाच्या आकाराचे, तेलाच्या दाबानें चालणारे, आणि सर्व चाकांना मिळून एकाच तेलनळीच्या जाळ्यावर अवलंबून असत. एका ठिकाणीं नळी फुटली कीं चारही चाकें मोकळीं. ताशीं साठ-सत्तर किलोमीटरच्या गाडीस, त्या काळच्या विरळ रहदारींत, ते पुरेसे होते. आतां वेग वाढला. चालत्या गाडींतील ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते, हें शाळेंतील पदार्थविज्ञान येथें जिवावर येतें. सत्तरावरून शंभरावर गेलें तर वेग दीडपटही होत नाहीं, पण थांबविण्याची ऊर्जा दुपटीहून किंचित् अधिकच होते. ही सर्व ऊर्जा उष्णता होऊन त्याच जुन्या ढोलांत जिरली पाहिजे. ढोल तापून फुगतो, पट्ट्यांची पकड सुटूं लागते, आणि पाय दाबूनही गाडी पुढें सरकत राहते. वेग देणारें एंजिन कोणासही दिसतें. वेग घेऊन टाकणारे ब्रेक चाकाच्या आड दडलेले असतात. म्हणून पैसा पहिल्यावर खर्च होतो आणि दुसऱ्याची आठवण अपघातानंतर येते.

यावरून या उद्योगाचा एक उलटा पण शहाणा क्रम सिद्ध होतो. काम एंजिनापासून चाकांकडे नेऊं नये. चाकांपासून एंजिनाकडे आणावें. आधीं गाडी कोणत्या कामासाठीं हवी, डोंगरांत कीं सडकेवर, तें ठरवावें. त्यावरून वेग ठरवावा. वेगावरून ब्रेक आणि सुकाणू दुरुस्त करावे. प्रत्येक चाकजोडीस स्वतंत्र तेलनळी द्यावी. मग आंसांतील चक्रांचें प्रमाण, मग दांड्यांचे कोन, मग गिअरची पेटी ठरवावी. आणि हें सर्व कागदावर जुळल्यानंतर शेवटीं त्यास शोभेल असें एंजिन शोधावें. स्वस्तांत मिळालें म्हणून एंजिन आधीं विकत घेणारे पुष्कळ असतात. अमेरिकेंतील कित्येक कोठारांत अर्धवट उघडे पडलेले ट्रक धूळ खात आहेत ते बहुधा याच कारणानें.

हा विषय केवळ परदेशचा आहे असें नव्हे. मुंबईंत कुर्ला येथें वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कारखान्यानें क्रायस्लर कंपनीशीं करार करून डॉज आणि फार्गो नांवांचे ट्रक बाहेर काढले. महिंद्र कंपनीनें १९४७ पासून मुंबईंतच विलिस जीपची जुळणी सुरू केली. पुढें पेट्रोल महाग वाटूं लागल्यावर महाराष्ट्राच्या गांवोगांवीं किती तरी जीपगाड्यांचीं पेट्रोल-एंजिनें उतरून तेथें डिझेल-एंजिनें बसलीं. वेल्डिंगच्या ठिणगीवर आणि मिस्त्रीच्या नजरेवर झालेल्या त्या कामांपैकीं कांहीं उत्तम ठरलीं. कांहींनीं वरील प्रत्येक धडा मालकाच्या खर्चानें शिकविला.

आज मात्र भारतांत या कामास कायद्याची निश्चित चौकट आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ याचें ५२ वें कलम सांगतें, कीं निर्मात्यानें मूळ ठरविलेल्या आणि नोंदणीपत्रांत लिहिलेल्या तपशिलाशीं विसंगत होईल असा फेरफार मालकानें गाडींत करूं नये. एंजिन बदलावयाचें तर नोंदणी अधिकाऱ्यांची मान्यता आधीं विचारात घेतली पाहिजे. नाहीं तर अपघाताच्या वेळीं विम्यापासूनच वाद उभा राहतो. आणखी एक गोष्ट २०२१ सालच्या नियमांनीं आणली. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपांत राखलेली आणि चौकट, सांगाडा वा एंजिन यांत मोठा फेरफार न झालेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवितां येते, आणि तिच्या क्रमांकांत तशीं खास अक्षरें येतात. ती रोजच्या रहदारीसाठीं नसते. प्रदर्शन, मेळावा, दुरुस्ती अशा कामांपुरतीच ती रस्त्यावर आणतां येते. म्हणजे मालकास निवड करावी लागते. मूळ एंजिन राखलें तर गाडी इतिहासाची होते, पण रोजच्या उपयोगाची राहत नाहीं. एंजिन बदललें तर इतिहासाचा तो दाखला तिला मिळत नाहीं.

या निवडींत कोणतीही एक बाजू सर्वस्वीं चूक आहे असें म्हणवत नाहीं. ज्या ट्रकाचें मूळ एंजिन फुटून गेलें, ज्याचे भाग मिळत नाहींत, त्यास नवें एंजिन घालून पुन्हां कामास लावणें हें त्यास भंगारांत घालण्यापेक्षां खास बरें. पण ज्याचें एंजिन अद्याप जिवंत आहे, तेथें हात आंखडता ठेवावा. चौकट कापूं नये. नवे आधार बोल्टनें बसतील असे करावे, वेल्डिंगनें नव्हे. उतरविलेलें एंजिन तेल भरून, तोंडें बंद करून, कोरड्या जागीं ठेवावें, आणि कोणता भाग कोठून काढला याची वही गाडीबरोबर राहूं द्यावी. आजच्या मालकास वेग हवा असतो. त्याच्या मुलास किंवा नातवास कदाचित् तें जुनें एंजिनच हवेंसें वाटेल. काढलेला बोल्ट परत बसवितां येतो; कापलेली चौकट पुन्हां अखंड होत नाहीं. परतीची वाट मोकळी ठेवून केलेला बदल हाच जुन्या यंत्राच्या बाबतींत विवेकाचा बदल होय.